औषधाचा ‘अर्धायुकाल’ म्हणजे काय? डोसमधले अंतर का पाळायचे?

गोळी घेतल्यावर बरे वाटले, मग पुन्हा का घ्यायची? थायरॉइडची गोळी सुरू करून आठवडा झाला, तरी तपासणी सहा आठवड्यांनी का? या प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत. ती म्हणजे औषधाचा अर्धायुकाल.

अर्धायुकाल म्हणजे काय?

रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे व्हायला जो वेळ लागतो, त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात. प्रत्येक औषधाचा तो वेगळा असतो. पॅरासिटामॉलचा साधारण २ ते ३ तास, तर थायरॉइडच्या गोळीचा (लेव्होथायरॉक्सिन) साधारण ७ दिवस.

आलेख काढून पाहा

समजा एका औषधाचा अर्धायुकाल ३ तास आहे आणि सुरुवातीला रक्तात त्याचे १०० भाग आहेत. वहीत आडव्या रेषेवर तास आणि उभ्या रेषेवर भाग मांडा:

- ० तास: १००
- ३ तास: ५०
- ६ तास: २५
- ९ तास: १२.५
- १२ तास: सुमारे ६
- १५ तास: सुमारे ३

हे बिंदू जोडले की सरळ रेषा येत नाही. घसरगुंडीसारखी वक्ररेषा येते, आधी तीव्र उतरणारी आणि पुढे सपाट होत जाणारी. ‘३ तासांत निम्मे संपले, म्हणजे ६ तासांत सगळे संपेल’ असा हिशेब अनेक जण करतात, पण तो चुकतो. दर वेळी उरलेल्याचे निम्मे होते. साधारण ५ अर्धायुकालांनंतर सुमारे ३ टक्केच औषध उरते, तेव्हा ते व्यवहारात उतरले असे धरतात.

कोकणातले उदाहरण: विंचूदंश

देवरूख, संगमेश्वर परिसरात जांभ्याचे गडगे, लाकडांचे ढीग, कौले यांत विंचू सापडतात. त्यातला लाल विंचू धोकादायक असतो. त्याच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साचू शकते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ही उपचारपद्धती सर्वत्र मान्य झाली.

प्राझोसिनचा अर्धायुकाल साधारण २ ते ३ तास आहे. विषाचा परिणाम मात्र त्याहून बराच जास्त वेळ टिकू शकतो. म्हणून हातपाय गरम होईपर्यंत, रूढ पद्धतीत दर ३ तासांनी, ही गोळी पुन्हा देतात. पहिल्या गोळीने आराम पडला म्हणून रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह धरू नका. हे औषध घरी स्वतःहूनही देऊ नका, कारण रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, थंड हातपाय, धडधड किंवा दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा थेट जवळचे रुग्णालय गाठा. लहान मुलांना धोका अधिक असतो, त्यांना लक्षणे नसली तरी दाखवा.

रोजची गोळी: पातळी हळूहळू चढते

थायरॉइडची गोळी रोज घेतली की कालची शिल्लक आणि आजची गोळी यांची बेरीज होत जाते. पहिल्या आठवड्यात अंतिम पातळीच्या निम्म्यापर्यंत, दुसऱ्यात ७५ टक्के, तिसऱ्यात सुमारे ८७, असे करत पाचव्या आठवड्यात सुमारे ९७ टक्के पातळी गाठली जाते. म्हणूनच डोस बदलल्यावर टीएसएच साधारण ६ आठवड्यांनी तपासतात. त्याआधी देवरूखहून रत्नागिरीला जाऊन तपासणी केली, तर खर्च होतो आणि आकडा अर्धवट येतो. एखाद्या दिवशी ही गोळी राहिली, तर पातळी सुमारे दहा टक्क्यांनीच उतरते, त्यामुळे घाबरू नका. मात्र हा नियम सगळ्या औषधांना लागू नाही. फिट्स, रक्त पातळ करणारी औषधे किंवा इन्सुलिन चुकल्यास लगेच डॉक्टरांना विचारा.

अंतर कमी केले तर?

पहिला डोस उतरण्याआधी दुसरा घेतला, तर शिल्लक साचत जाते. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान ४ ते ६ तास हवेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जाऊन यकृताला इजा होऊ शकते.

मूत्रपिंड कमजोर असल्यास काही औषधांचा अर्धायुकाल लांबतो. हृदयरोगात वापरले जाणारे डिगॉक्सिन एरवी दीड ते दोन दिवसांत निम्मे होते. मूत्रपिंड निकामी असल्यास त्याला बरेच जास्त दिवस लागतात आणि नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो. घरातल्या वयस्कर माणसांचे क्रिएटिनीनचे रिपोर्ट डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

हाच आलेख उलटा: जंतूंची वाढ

अनुकूल उष्णतेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे तासाभरात ८, दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६. सुरुवातीला रेषा जवळजवळ सपाट दिसते आणि मग एकदम वर जाते. म्हणून शिजवलेला भात किंवा माशांचे कालवण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. फ्रिजमध्ये जंतूंचा दुप्पट होण्याचा काळ लांबतो, पण वाढ पूर्ण थांबत नाही.

लक्षात ठेवा

- डोसची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.
- चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नका.
- बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.
- घरातील सर्व औषधांची यादी प्रत्येक भेटीत सोबत न्या.