निरोप्या पेरॉक्साइड

मेडिकलच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर ओतलं की पांढरा फेस उसळतो. जंतू मरताहेत म्हणून फेस येतो, ही घरोघरची समजूत. खरं तर तो फेस मुख्यतः आपल्याच रक्तातल्या कॅटलेज नावाच्या एन्झाइमची करामत असते. पेरॉक्साइड समोर आलं की कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून मोकळं होतं. बुडबुडे त्या ऑक्सिजनचे. ज्याचा फडशा पाडायची शरीराने इतकी चोख सोय केली आहे तो रेणू विषच असणार, असं कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसंच वाटत होतं.

पेरॉक्साइडचा जन्म पॅरिसचा. १८१८ साली लुई जाक तेनारने बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून ते मिळवलं. प्राण्यांच्या ऊती त्यात टाकल्या की ते फेसाळतं, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पुढे विसाव्या शतकात पेरॉक्साइड आणि त्याच्या भाऊबंदांवर आरोपांची रांगच लागली. १९५४ साली रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की अति ऑक्सिजन आणि क्ष-किरण यांनी होणाऱ्या इजेच्या मुळाशी एकच कारण असावं, ते म्हणजे मुक्त मूलकं. दोन वर्षांनी डेनम हार्मनने म्हातारपणाचं खापरही त्यांच्याच माथी फोडलं. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड या मुक्त मूलकाला नष्ट करणारं एन्झाइम सापडलं आणि खटला निकाली निघाल्यासारखं झालं. गंमत अशी, की हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं जे करतं त्यातून तयार होतं पेरॉक्साइडच!

पण या निकालावर संशय घ्यायला जागा होती. १९७०च्या दशकात चरबीच्या पेशींना पेरॉक्साइड दिलं तर त्या इन्सुलिन मिळाल्यासारख्या वागतात, असं आढळलं होतं. इतकंच नाही, तर इन्सुलिन दिलं की त्या पेशी स्वतःच पेरॉक्साइड बनवतात, हेही दिसलं. विष म्हणावं तर पेशी ते मागणी आल्याबरोबर का बनवतील?

पेरॉक्साइड पेशीत निरोप्याचं काम करतं, याचा धडधडीत पुरावा १९९५ साली आला. अमेरिकेत टोरेन फिंकेल यांच्या गटाने उंदराच्या रक्तवाहिनीतल्या स्नायुपेशींना वाढीचा संकेत देणारं एक प्रथिन दिलं. पेशींमधलं पेरॉक्साइड थोडा वेळ वाढलं आणि पुन्हा उतरलं. मग त्यांनी पेशींमधलं कॅटलेज वाढवून पाहिलं. पेरॉक्साइड टिकेना, आणि वाढीचा संकेतही पुढे सरकेना. म्हणजे ते नुसतं सांडलवंड नव्हतं, साखळीतला दुवा होतं.

दुवा कसा? पेशीतल्या काही प्रथिनांत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि सिस्टीनला गंधकाचा अणू. वाढीचा संकेत पुसून टाकणाऱ्या एन्झाइमांचं काम नेमकं याच गंधकावर चालतं. पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडीकरण केलं की पुसणारा हात काही काळ लुळा पडतो आणि संकेत टिकतो. नंतर पेशीतले क्षपणकारक रेणू गंधक पूर्ववत करतात. १९९९ साली तर आतड्याच्या पेशींत नॉक्स-१ हे एन्झाइम सापडलं. असल्या एन्झाइमांचं कामच मुळी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, आणि त्यातून पेरॉक्साइड, तयार करणं.

आता त्या फेसाकडे पुन्हा पाहा. निरोप सांगून झाल्यावरही निरोप्या घरभर ओरडत फिरत राहिला तर गोंधळच होणार. पेरॉक्साइडचा इतक्या तातडीने निकाल लावला जातो, हा आपण त्याच्या विषारीपणाचा पुरावा मानला. माझ्या मते त्यामुळेच ते निरोपाच्या कामाला लायक ठरतं.

पेरॉक्साइडची ही निरोप्याची कामगिरी डोळ्यांनी दिसायला २००९ उजाडलं. मॉस्कोच्या संशोधकांनी २००६ मध्ये जिवाणूतलं पेरॉक्साइड ओळखणारं ऑक्सिआर हे प्रथिन एका चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून हायपर नावाचा सूचक बनवला होता. हार्वर्डमध्ये फिलिप नीटहॅमर आणि टिमोथी मिचिसन यांच्या गटाने तो झेब्राफिशच्या पिल्लांत घातला. (हा मासा मूळचा आपल्या उपखंडातल्या ओढ्यांचा, आपल्याकडे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातही सर्रास मिळतो.) पारदर्शक शेपटीला बारीकशी चीर दिली. काही मिनिटांतच जखमेच्या कडेपासून आतवर पेरॉक्साइडचा उतरता पट्टा उमटला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत आल्या त्यानंतर. पेरॉक्साइड त्यांचं नव्हतंच. जखमी कातडीच्या पेशींनी ते बनवलं होतं. ते बनवणारं एन्झाइम बंद केलं, तर पांढऱ्या पेशींची धाव मंदावली.

तोवर पेरॉक्साइड आणि त्याच्या भाऊबंदांचा बंदोबस्त करण्यासाठी म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा बाजार जोरात सुरू होता. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला : बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. त्यामागचं नेमकं कारण वेगळंही असू शकेल. पण २००९चा जर्मनीतला एक छोटा प्रयोग थेट आपल्या विषयाला भिडतो. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. जे सोबत क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होते, त्यांचा सुधारला नाही. एका प्रयोगाने अंतिम निकाल लागत नाही. तरी जिमच्या काउंटरवरची अँटिऑक्सिडंटची डबी उचलण्याआधी हा प्रयोग जरूर आठवा.