मुक्कामाचा हक्क

नाशिक रोड स्थानक जुन्या नाशिकपासून सुमारे ९ किलोमीटरवर. म्हणून दोन दिवसांसाठी येणाऱ्यापुढे प्रश्न असतो : स्थानकाजवळ उतरावे की गोदाकाठी? आज त्याचे उत्तर बहुधा सोय आणि खिसा पाहून ठरते. शंभर वर्षांपूर्वी ते जात पाहून ठरे.

सवर्ण यात्रेकरू क्षेत्रोपाध्यांकडे उतरत. उपाध्यांच्या वहीत पूर्वजांची नावे सापडत आणि पथारीपुरती जागा मिळे. ज्यांचे नाव वहीतच नव्हते, त्यांनी कुठे उतरावे? १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. अंमल मात्र बहुतांशी कागदावरच राहिला. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आपण मंदिरप्रवेशाचा लढा म्हणून शिकवतो. परंतु दर्शन आणि मुक्काम या दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच : या क्षेत्री पाहुणा म्हणून कोणाला मान्यता?

गाडगे महाराजांनी नाशिक, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरच्या धर्मशाळेला चोखामेळ्याचे नाव दिले. देवळाच्या दाराशी अडवलेल्या संताच्या नावाने छप्पर उभे राहिले, याचा अर्थ संतसाहित्य शिकवताना आपण पुरेसा उलगडतो का?