माहीमची खाडी आणि एक अट

वाचकहो, वांद्र्याहून माहीमला येताना खाडी केव्हा ओलांडली, हे आज कळतसुद्धा नाही. पण १८४५ पूर्वी इथे होडीवाचून गत्यंतर नव्हते. पावसाळ्यात तर जीव मुठीत धरूनच नावेत पाय ठेवायचा! कंपनी सरकार खर्चाला राजी होईना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले. अट एकच: या वाटेवर पथकर घ्यायचा नाही. मग डोईवर पाटी घेतलेली बाईही बग्गीवाल्या शेटजीइतक्याच हक्काने पलीकडे जाऊ लागली.

२००९ मध्ये जवळच सागरी सेतू झाला. तिथे मोटारीला पथकर पडतो, आणि पायी चालणाऱ्याला तर मज्जावच! म्हणून माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्याने जाल, तेव्हा बाईंच्या देणगीबरोबर त्यांची अटही आठवा.