खडू नसलेला खडू

कॅरम खेळायला बसलो की पहिले काम म्हणजे बोर्डावर पावडर भुरभुरणे. सोंगट्या आणि स्ट्रायकर सुळकन घसरावेत म्हणून. बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल खेळणारा माणूसही खेळताना पूड वापरतो. निळ्या किंवा हिरव्या रंगाचा एक लहानसा ठोकळा तो दर थोड्या वेळाने काठीच्या टोकावर घासत असतो. मात्र त्याचा हेतू नेमका उलटा असतो. काठीचे टोक चेंडूवरून घसरू नये, ही त्याची धडपड. एक पूड घसरवते आणि दुसरी धरून ठेवते, हे कसे काय, असे एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले. आम्ही उत्तर ठोकून दिले, 'अरे, तो खडू असतो.' पुढे वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले, की त्या ठोकळ्यात खडू औषधालासुद्धा नसतो. त्या मुलाला दिलेले उत्तर दुरुस्त करणे भाग होते. त्या दुरुस्तीसाठी जे जमवले, ते इथे मांडत आहोत.

(खरे तर फळ्यावर लिहायचा आपला नेहमीचा खडू तरी कुठे खडू असतो? खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा साठलेला थर. आपल्या हातातल्या कांड्या बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिसपासून ओतलेल्या, म्हणजे जिप्समच्या असतात. पण ते असो.)

बिलियर्ड्सच्या काठीला 'क्यू' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ शेपूट. पूर्वी हा खेळ पुढे जाड डोके असलेल्या दांड्याने चेंडू ढकलून खेळत असत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला, की ते जाड डोके अडायचे. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या शेपटीने चेंडू मारत. हळूहळू शेपटीच सोयीची वाटू लागली आणि डोके गेले. राहिली सरळ, निमुळती लाकडी काठी. पण गुळगुळीत हस्तिदंती चेंडूवर लाकडाचे टोक टेकवायचे, तर ते बरोबर मध्यावरच टेकायला हवे. जरा बाजूला लागले की काठी घसरलीच.

यावरचा उपाय फ्रान्समध्ये निघाला. फ्रांस्वा मँगो नावाचा पायदळातला एक कॅप्टन राजकीय मते उघडपणे बोलून दाखवल्यामुळे पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या तुरुंगात होता. तिथे त्याला बिलियर्ड्सचे टेबल मिळाले. काठीच्या टोकाला त्याने चामड्याची गोल टोपी बसवली आणि तिचा वापर घोटून घोटून बसवला. 1807 साली सुटका व्हायची वेळ आली, तेव्हा अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्याने आणखी काही दिवस आत ठेवण्याची विनंती केली, असे सांगतात. ही गोष्ट कितपत खरी मानायची ते वाचकांनी ठरवावे. तो बाहेर आला आणि त्याचे फटके बघून पॅरिसचे लोक चकित झाले, हे मात्र खरे. चेंडू पुढे जाऊन धडक देई आणि आपणहून मागे फिरे, किंवा वाट वाकडी करून जाई. काठी घसरत नसल्यामुळे मँगो चेंडूच्या वर, खाली, बाजूला कुठेही मारू शकत होता. म्हणजे चेंडूला फिरकी देऊ शकत होता.

आता खडू. चामडे लाकडापेक्षा बरे, पण वापरून वापरून तेही गुळगुळीत होते. मग खेळाडू टोकाला खडू चोळू लागले. इंग्लंडमधल्या बाथ या गावी बार्टली नावाच्या गृहस्थाचा बिलियर्ड्सचा अड्डा होता. तिथे गुण मोजायला जॅक कार नावाचा मनुष्य असे. काठी चेंडूच्या बाजूला मारली की चेंडूला फिरकी मिळते, ही खुबी बार्टलीने त्याला दाखवली. कारने ती गुपचूप आत्मसात केली आणि लोकांना चकित करू लागला. रहस्य विचारले, की तो सांगे, 'हा माझ्याकडच्या खास पुडीचा गुण.' औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांत भरलेली ती पूड त्याने अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंगला एक डबी, अशी विकली. डबीत होता साधा कुटलेला खडू.

कारच्या गिऱ्हाइकांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते? पूड लावून पाहिली असती. ती लावल्यावर काठी खरोखरच कमी घसरते, म्हणजे अनुभवही आला असता. पूड आणि फटक्याची जागा या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर परिणाम कशामुळे झाला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम आपण प्रयोगशाळेत शिकवतो, आणि खेळाच्या मैदानावर स्वतःच विसरतो.

पुडीचे काम नेमके किती, हे भूमितीने सांगता येते. बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या हालचालींचे गणित गॅस्पार कोरिऑलिस याने 1835 साली एका ग्रंथात मांडले. ज्याच्या नावाचा परिणाम आपण वाऱ्यांच्या दिशा शिकवताना सांगतो, तोच हा कोरिऑलिस. आपल्याला इथे दहावीचे त्रिकोणमितीच पुरे. चेंडूच्या मध्यापासून बाजूला काही अंतरावर काठी टेकवली, तर काठीची दिशा आणि त्या बिंदूपाशी असलेली चेंडूची त्रिज्या यांच्यात कोन तयार होतो. मध्यापासूनचे अंतर भागिले त्रिज्या, म्हणजे त्या कोनाचा साइन. आणि त्या कोनाचा टॅन्जंट जोवर घर्षणांकापेक्षा कमी आहे, तोवर काठी घसरत नाही. समजा, टोक आणि चेंडू यांच्यातला घर्षणांक 0.3 आहे. तर कोन सुमारे 17 अंशांपर्यंतच चालेल. स्नूकरच्या चेंडूची त्रिज्या सुमारे 26 मिलिमीटर असते. म्हणजे मध्यापासून साडेसात मिलिमीटरच्या पलीकडे मारायची सोय नाही. घर्षणांक 0.58 झाला, की कोन 30 अंश होतो आणि अंतर 13 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या निम्मे. कसलेले खेळाडूही साधारण त्रिज्येच्या निम्म्यापलीकडे मारायला धजत नाहीत. फिरकी पूड देत नाही, फटक्याची जागा देते. पूड ती जागा मोकळी करून देते, इतकेच. कार अर्धे खरे बोलत होता म्हणायचे!

यानंतर बराच काळ खेळाडू ह्या खडूपेक्षा तो खडू बरा, अशा अनुभवांवरच चालत राहिले. त्यात बदल घडला तो एका खेळाडूची गाठ एका रसायनशास्त्रज्ञाशी पडली तेव्हा. विल्यम स्पिंक्स हा अमेरिकेतला नावाजलेला बिलियर्ड्सपटू. त्याला फ्रान्समधून आलेला एक खडूसारखा पदार्थ मिळाला. तो लावल्यावर काठीची पकड विलक्षण सुधारते, असे त्याला जाणवले. त्याने तो शिकागोच्या विल्यम हॉस्किन्सकडे नेला आणि हे आहे तरी काय, असे विचारले. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली महत्त्वाची घटना हीच. हॉस्किन्सने पृथक्करण केले, तेव्हा तो खडू नसून सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड निघाला. पाय घासायला असतो ना, त्या जातीचा.

म्हणजे पांढरेपणाचा, खडूपणाचा काही संबंधच नव्हता. हवे होते कठीण, टोकदार कण. मग दोघांनी वेगवेगळी मिश्रणे करून पाहिली. शेवटी इलिनॉय राज्यातली सिलिका हा मुख्य घटक ठरला. त्यात बारीक घासणारे कण, बांधून ठेवणारा चिकट पदार्थ आणि रंग. 9 मार्च 1897 रोजी त्यांना पेटंट मिळाले. आजचे ठोकळेही मुख्यतः याच वाटेने बनतात. सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपल्याकडे हत्यारांना धार लावायला वापरतात तो कुरुंद. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दच मुळी आपल्याकडच्या भाषांतून तिकडे गेला आहे. रंग बहुधा टेबलावरच्या कापडाशी जुळणारा, डाग दिसू नयेत म्हणून. हॉस्किन्स पुढे विजेच्या शेगडीत लागणाऱ्या नायक्रोम तारेच्या शोधाशी जोडला गेला आणि स्पिंक्सने कॅलिफोर्नियात ॲव्होकॅडोच्या बागा केल्या. पण खडूच्या ठोकळ्यांवर त्याचे नाव पुढेही बरीच वर्षे राहिले.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापनश्रेणीत जिप्सम 2, खडूतले कॅल्साइट 3, सिलिका 7 आणि कुरुंद 9. सिलिकेचे कोनेदार कण चामड्यात अर्धे रुततात, अर्धे बाहेर राहतात आणि चेंडूला पकडतात. काठी आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंद. तेवढ्यात काम व्हायला हवे. कॅरमची पावडर बहुधा बोरिक आम्लाची असते. त्याचे स्फटिक पापुद्र्यापापुद्र्यांचे, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसारखे. पापुद्रे एकमेकांवरून सरकतात आणि सोंगटी घसरते. दोन्ही पुडीच, फरक कणांच्या घडणीत.

या खेळाशी आपले नातेही जुने आहे. स्नूकर जन्मला तोच जबलपूरच्या लष्करी छावणीत, 1875 साली. आणि भारताला कोणत्याही खेळातले पहिले जागतिक विजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. 1958 साली कलकत्त्याला त्यांनी हौशी बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा जिंकली.

आज बाजारात खडूंचे अनेक प्रकार आहेत आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. त्यांची तुलना करायची तर 'चांगला' म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. काठी घसरू देत नाही तो चांगला? एकदा लावला की जास्त फटके टिकतो तो? की ज्याची पूड चेंडूला कमी चिकटते तो? हा तिसरा मुद्दा खेळाडूंना फार छळतो. काठीवर हवीशी असलेली पकड दोन चेंडूंच्या मध्ये आली, की चेंडू क्षणभर एकमेकांना धरतात आणि भलत्या दिशेला जातात. गेल्या दशकात अनेक व्यावसायिक स्नूकरपटू फिनलंडच्या ताओम खडूकडे वळले, ते याच कारणासाठी. शिवाय खेळाडूला आपण कोणता खडू लावला आहे ते माहीत असते. महागडा खडू लावून मारलेला फटका जरा जास्तच मनापासून बसतो! तुलना करायची तर ठोकळ्यांवरची नावे झाकली पाहिजेत, आणि सगळ्यांचा रंगही एकच हवा.

एक प्रश्न तर फार उशिरा विचारला गेला. 1996 साली 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकेतल्या बालवैद्यकाच्या नियतकालिकात एक छोटा लेख आला. मुलांच्या रक्तात शिसे कुठून आले, हे शोधताना डॉक्टरांनी वीसहून अधिक प्रकारचे क्यूचे खडू तपासले. त्यांतल्या काहींमध्ये शिशाचे प्रमाण चिंताजनक निघाले. पकड, टिकाऊपणा, रंग यांची तुलना पिढ्यान्‌पिढ्या चालली होती. तोंडात जाणाऱ्या पुडीत काय आहे, हे कोणी पाहिले नव्हते.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. एक गुळगुळीत फरशी, जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा, त्यावर ठेवायला एक वजन आणि कोनमापक घ्या. तुकडा फरशीवर ठेवून फरशीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागेल त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. आधी कोरडे चामडे, मग फळ्याच्या खडूची पूड चोळून, मग कॅरमची पावडर लावून, शेवटी क्यूचा खडू मिळाला तर तो घासून. दर वेळी फरशी पुसायची आणि चामड्याचा नवा तुकडा घ्यायचा. प्रत्येक कोन किमान पाच वेळा मोजायचा. कोणाचा कोन किती येईल, याचे अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्यावेत. फळ्याच्या खडूबद्दल मुलांमध्ये वाद होतील, ते होऊ द्यावेत. पूड हवेत फुंकू नये, आणि प्रयोग झाल्यावर सगळ्यांनी हात साबणाने धुवावेत.