चेरीखालचा एक मे : प्रागमधील एका प्रथेची कुळकथा

प्राग शहरात १ मे हा प्रेमिकांचा दिवस मानला जातो. त्या दिवशी जोडपी पेत्रशिन टेकडीच्या उतारावरील बागेत जातात, कारेल हिनेक माखा या कवीच्या पुतळ्यापाशी फुले ठेवतात आणि मोहरलेल्या चेरीच्या झाडाखाली एकमेकांचे चुंबन घेतात. या दिवशी फुललेल्या झाडाखाली जिचे चुंबन घेतले जात नाही ती मुलगी वर्षभरात ‘सुकते’, असा चेक लोकांत समज आहे. हा समज आज कोणी खरा मानत नाही, पण आज्या नातींना तो अजून सांगतात.

‘सुकणे’ हा शब्द झाडाचा आहे, आणि प्रथेचे जुने मूळही झाडातच आहे. बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या खेड्यांत एप्रिलच्या अखेरच्या रात्री ‘मायका’ उभारतात. उंच, सरळ झाडाचे खोड सोलून गुळगुळीत करायचे, शेंड्याची हिरवी फांदी तेवढी राखायची, तिला रंगीत फिती बांधायच्या आणि ते गावाच्या मध्यभागी रोवायचे. शेजारच्या गावची पोरे येऊन ते कापून नेतील म्हणून गावातले तरुण रात्रभर राखण करतात. याच रात्री मुलगा आपल्या आवडत्या मुलीच्या दारासमोर लहानशी मायका, बहुधा बर्चची, गुपचूप लावून येई. सकाळी दार उघडले की साऱ्या आळीला कळे. बोलून दाखवण्याआधी झाडाकरवी मन कळवण्याची ही रीत होती.

शहरात या रीतीला कवीचे नाव जोडले गेले ते एका दीर्घकाव्यामुळे. माखाचा जन्म १८१० साली पेत्रशिनच्याच पायथ्याशी, माला स्त्राना भागात झाला. पायी भटकण्याचा त्याला विलक्षण नाद होता. १८३४ साली तो चालत इटलीपर्यंत गेला. १८३६ च्या वसंतात त्याने ‘माय’ म्हणजे ‘मे महिना’ हे काव्य पदरमोड करून छापले. प्रती होत्या ६००. काव्याची सुरुवात मेच्या पहिल्या संध्याकाळच्या प्रेमभरल्या वर्णनाने होते आणि शाळेत शिकलेल्या प्रत्येक चेक माणसाला ती तोंडपाठ असते. पुढची कथा मात्र भीषण आहे. विलेम हा दरोडेखोर आपली प्रेयसी यार्मिला हिला नादी लावणाऱ्याचा खून करतो आणि तो माणूस त्याचाच बाप निघतो. विलेमला देहदंड होतो, यार्मिला तळ्यात जीव देते. काव्यातला निसर्ग इतका सुंदर आहे की त्यापुढे माणसाचे मरण अधिकच एकाकी वाटते. काव्याचे मोठेपण याच विरोधात आहे. समकालीन टीकाकारांना ते रुचले नाही. राष्ट्रजागृतीच्या त्या काळात त्यांना उमेद देणारे साहित्य हवे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लितोम्येर्झित्से गावी लागलेली आग विझवायला माखा धावला, नंतर आजारी पडला आणि ६ नोव्हेंबरला वारला. सव्विसावे वर्ष पुरे व्हायला दहा दिवस उरले होते. लोरी या वाग्दत्त वधूशी त्याचे लग्न ८ नोव्हेंबरला ठरले होते. त्याच दिवशी त्याला पुरले. १८५८ साली यान नेरुदा आणि वित्येझ्स्लाव्ह हालेक यांच्या पिढीने आपल्या वार्षिकाला ‘माय’ हेच नाव दिले आणि उपेक्षित कवी आधुनिक चेक काव्याचा आद्यपुरुष ठरला.

पेत्रशिनवरचा ब्राँझचा पुतळा योसेफ मिस्लबेक या शिल्पकाराचा आहे. तो १९१२ साली उभा राहिला. माखाचे खात्रीचे चित्र उपलब्ध नसल्याने त्याचा चेहरा शिल्पकाराने कल्पनेने घडवला आहे. म्युनिक करारानंतर १९३८ च्या ऑक्टोबरात लितोम्येर्झित्से जर्मनीच्या ताब्यात जाऊ लागले, तेव्हा चेक लोकांनी घाईने कवीच्या अस्थी उकरून प्रागला आणल्या. ७ मे १९३९ रोजी, म्हणजे शहरावर नाझी अंमल असताना, विशेहरादच्या दफनभूमीत त्यांचे पुन्हा दफन झाले. शोकासाठी लोटलेली ती गर्दी खरे तर मूक निषेधच होती.

प्रेमिकांच्या भेटीसाठी पेत्रशिन टेकडी आधीपासूनच सोयीची होती. एके काळच्या द्राक्षमळ्यांच्या जागी आता फळबागा आहेत. १८९१ च्या प्रदर्शनाच्या वेळी माथ्यावर आयफेल टॉवरच्या धर्तीचा, सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा बांधला गेला आणि वर जायला दोराची रेल्वेही सुरू झाली. नव्याने ओळख झालेल्या दोघांना यापेक्षा सोपा बेत सापडणार नाही. १ मे हा कामगार दिन, त्यामुळे सुटी असते. बागेत शिरायला तिकीट नाही. चालताना शेजारी पाहत बोलता येते आणि बोलणे अडलेच तर खाली व्ल्तावा नदी आणि शहराची लाल कौले दिसत असतात.

वसंत लवकर आला तर मेच्या पहिल्या तारखेपर्यंत चेरीचा बहर गळून गेलेला असतो. अशा वर्षी फुललेले दुसरे कोणतेही झाड चालते.