हॅम्लेट डोंगरीच्या तुरुंगात, लिअर करकंबात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना शंभर वेळा येणारं ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ मी काढलंय. काही राहिलंच असेल, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय मला माझ्या चुलत बहिणीनं दिला, तोही २०२० साली. लॉकडाऊनमध्ये मी पुण्यातली खोली बंद करून करकंबला घरी आलो होतो. नवीन नोकरी, गच्चीवर टेबल टाकून काम, कारण रेंज फक्त गच्चीवर. ही बारावीला होती. तिची ऑनलाइन शाळाही त्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या सावलीत. एक दिवस ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “दादा, ह्यात कादंबऱ्या आल्यात. पण अर्ध्याच.”

मी बघितलं तर खरंच. राज्य मंडळाच्या इंग्रजी युवकभारतीचा अभ्यासक्रम बदलला होता. अकरावीला नाटक आलं होतं: आधी इंग्रजी नाटकाचा इतिहास, मग शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला उतारा, मग इब्सेनच्या ‘अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल’मधला. बारावीला कादंबरी: ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि शेरलॉक होम्सची ‘द साइन ऑफ फोर’. हिची बॅच दोन्ही वर्षांची पहिली बॅच.

मी बारावी झालो २०१५ ला. तेव्हा यातलं काही नव्हतं. सायन्सवाल्यांना इंग्रजी म्हणजे अपेक्षित प्रश्नसंच आणि पस्तीसची काळजी, बाकी सगळा जीव फिजिक्स-मॅथ्समध्ये. त्यामुळं मला पहिल्यांदा हेवा वाटला, आणि लगेच शंकाही आली. पाच-सहा पानांच्या उताऱ्यावर कादंबरी कशी शिकवणार? ‘अराउंड द वर्ल्ड’चे हक्क कधीच संपलेत, फुकट मिळते, म्हणून तिच्या मोबाइलवर मी अख्खी कादंबरी टाकून दिली. आठ-दहा दिवसांनी ती परत आली. “दादा, ही आउदा मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची पोरगी म्हणतायत. मग तिला सती कशी घालतील? पारशी लोक तर जाळतच नाहीत ना?”

एकदम बरोबर. ज्यूल व्हर्ननं १८७२ मध्ये फ्रान्समध्ये बसून हे लिहिलं. त्याचा फॉग मुंबईला उतरतो, गाडी घाट चढून खानदेशातून बऱ्हाणपूरला जाते, तिथं त्याचा नोकर खोट्या मोत्यांच्या सपाता घेतो. आणि पुढं बुंदेलखंडात पारशी बाईला चितेवर चढवतात. सतीबंदीचा कायदा १८२९ चा. व्हर्ननं नकाशा नीट बघितला होता, माणसं नाही. बारावीच्या पोरीनं हे पकडलं, कारण तिनं पुस्तक अख्खं वाचलं. आणि हे तिला कुठं लिहिताही आलं नाही, कारण २०२१ ची बारावीची परीक्षाच रद्द झाली. कादंबऱ्या शिकलेल्या पहिल्या बॅचनं बोर्डाचा पेपरच दिला नाही.

तिथून मी शोधत गेलो की आपल्याकडं ही इंग्रजी नाटकं-कादंबऱ्या वर्गात आली कधी, आणि आधीच्या लोकांनी त्यांचं काय केलं.

पहिली गंमत ही, की इंग्रजी साहित्य हा ‘विषय’ म्हणून इंग्लंडच्या आधी भारतात रुजला. गौरी विश्वनाथन यांचं ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ हे १९८९ चं पुस्तक याच्यावरच आहे. इंग्लंडात मोठ्या घरची पोरं ग्रीक-लॅटिन शिकायची, शेक्सपिअर घरी वाचायची. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला १८९४ च्या सुमाराला. इकडं मेकॉलेचं टिपण १८३५ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि तिथं इंग्रजी ग्रंथ नेमलेले असायचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राचार्य कोण होते, तर विल्यम वर्डस्वर्थ, म्हणजे कवी वर्डस्वर्थचा सख्खा नातू. राज्यकर्त्यांचा हिशोब सरळ होता. धर्म थेट शिकवता येत नाही, तर साहित्यातून आपले संस्कार द्यायचे. दुसरीकडं मराठी विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून बाहेर गेली, आणि ती परत आणायला न्यायमूर्ती रानड्यांना कित्येक वर्षं झगडावं लागलं.

पण पोरांनी जे केलं ते हिशोबात नव्हतं. त्यांनी पुस्तकं पाठ केली, परीक्षा दिल्या, आणि मग तीच मराठीत आणायला घेतली. १८६७ ला महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ‘अथेल्लो’ आलं. १८७५ ला नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांचं ‘टेम्पेस्ट’. आणि मग आगरकर.

ही गोष्ट मी शाळेत अर्धीच शिकलो होतो. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, एवढं आपल्याला पाठ असतं. कशासाठी, तर कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीसाठी. ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आलं होतं की कोल्हापूरच्या तरुण महाराजांना, चौथ्या शिवाजींना, वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय. ज्या पत्रांच्या आधारावर हे छापलं ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. आणि याच तुरुंगात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचं काम केलं. ‘विकारविलसित’ नावानं ते १८८३ ला छापून आलं.

आता जरा थांबून बघा. हॅम्लेट म्हणजे काय? राजघराणं, दरबारातलं कारस्थान, आणि एक तरुण राजपुत्र, ज्याला सगळे वेडा म्हणतात आणि तो खरंच वेडा आहे का हे कुणालाच ठरवता येत नाही. कोल्हापूरच्या राजाच्या ‘वेडा’वरून तुरुंगात गेलेला सव्वीस वर्षांचा माणूस तिथं बसून हे नाटक मराठीत आणतो. आगरकरांनी असा संबंध जोडला होता असा माझा दावा नाही, ही जुळणी माझी आहे. पण मला यात योगायोग कमी दिसतो. आणि त्याच १८८३ च्या डिसेंबरात चौथे शिवाजी नगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वारले.

आगरकरांनी हे नाटक कॉलेजात अभ्यासलं असणार, म्हणजे आपल्या भाषेत सिलॅबसमधलं पुस्तक. बाहेर पडल्यावर त्यांना दिसलं असेल की हे तर आपल्याच इथलं चाललंय.

पुढची गोष्ट मला त्याहून आवडते, कारण त्यात माझ्या घरच्यांसारखी माणसं येतात, इंग्रजीचं अक्षर न येणारी. शाहूनगरवासी नाटक मंडळीनं ‘विकारविलसित’ रंगभूमीवर आणलं. शाहूनगर म्हणजे सातारा. गणपतराव जोशी त्यात हॅम्लेट, म्हणजे मराठीतला चंद्रसेन, करायचे. बाळाभाऊ जोग बायकांची कामं करायचे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० ला ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. डेस्डिमोनाची कमळजा झाली, इयागोचा जाधवराव. फर्ग्युसनचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली. आता त्राटिका मूळची रामायणातली राक्षसीण, पण केळकरांनी ती शेक्सपिअरच्या भांडखोर कॅथरीनवर चपखल बसवली. आमच्या घरात हा शब्द आठवड्यातून दोनदा तरी निघतो, बहुतेक वेळा याच बहिणीला उद्देशून. (तिनं हा भाग आधी ऐकलाय आणि हे वाक्य काढायला सांगितलंय. काढलं नाही.)

म्हणजे एक साखळी होती. वर्गात प्राध्यापक शिकवायचा, विद्यार्थी मराठीत आणायचा, कंपनी गावोगाव घेऊन जायची, आणि तिकीट काढलेला शेतकरी किंवा किराणा दुकानदार चंद्रसेनाच्या दुःखानं हळहळून घरी जायचा. त्याला शेक्सपिअर माहीत असायची गरजच नव्हती. ही साखळी विसाव्या शतकातही चालली. शिरवाडकरांनी १९५४ ला मॅक्बेथचा ‘राजमुकुट’ केला, मग ‘ऑथेल्लो’, आणि १९७० ला ‘नटसम्राट’. विंदांनी ‘राजा लिअर’ केलं. पुलंनी १९७५ ला शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांचं नाव गणपतराव आहे, ते शाहूनगरवासीच्या गणपतरावांची आठवण म्हणून असावं असं मला आपलं वाटतं.

आणि वर्गात काय राहिलं? प्रश्नोत्तरं. नव्या अभ्यासक्रमाला मी नावं ठेवणार नाही, निवड उत्तम आहे. इब्सेनचं नाटक घ्या. एक गाव, ज्याचं पोट स्नानाला येणाऱ्या लोकांवर चालतं. तिथल्या डॉक्टरला कळतं की ते पाणीच दूषित आहे. तो सांगायला जातो आणि अख्खं गाव त्याला शत्रू ठरवतं. हे नाटक आलं १८८२ ला, आगरकर डोंगरीत होते त्याच वर्षी. आता हे पंढरपूर तालुक्यातल्या पोरांना समजावून सांगायला लागतं का? पुण्याचं सांडपाणी उजनीत, उजनीचं पाणी भीमेत, आणि तिचीच पुढं चंद्रभागा. वारीला लाखो लोक त्यात उतरतात आणि त्यावर अर्ध्या पंढरपूरची वर्षाची कमाई असते. मी बहिणीला विचारलं, वर्गात याच्यावर काही बोलणं झालं का? ती म्हणाली, “पात्रांची नावं आणि थीम लिहून दिली.”

यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ऐंशी पोरं, दोन तुकड्या एकत्र, आणि पेपरात या भागाला मार्क ते किती. पण तीच थीम चंद्रभागेवर नेली असती तर मला वाटतं एकही पोरगं ती विसरलं नसतं. आणि दुसरी गोष्ट, अख्खं पुस्तक हातात पडायला पाहिजे. उताऱ्यावरून आउदाची चूक सापडत नाही.

आता लिअर.

जानेवारी २०१६ ला ‘नटसम्राट’चा सिनेमा आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. वडिलांबरोबर पंढरपूरला जाऊन बघितला. येताना वडील गाडी चालवताना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, नाना पाटेकरचा परिणाम. खरं कारण घरात होतं. त्याच्या काही वर्षं आधी आजोबांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, तिघा मुलांत खातेफोड करून दिली होती, आणि तेव्हापासून आण्णा एक महिना थोरल्याकडं, एक महिना आमच्याकडं, एक महिना धाकट्याकडं असे राहायचे. आमच्याकडं याला पाळी म्हणतात. गावात निम्म्या घरांत आहे. पाळी संपली की पिशवी भरायची, गोळ्यांचा डबा घ्यायचा आणि पलीकडच्या वस्तीवर जायचं.

२०२० मध्ये त्याच गच्चीवर मी पहिल्यांदा ‘किंग लिअर’ वाचायला घेतलं. पहिल्याच अंकात म्हातारा राजा राज्य वाटून टाकतो आणि म्हणतो, मी शंभर स्वार घेऊन एक महिना एका मुलीकडं राहीन, एक महिना दुसरीकडं. मी पुस्तक खाली ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात पाळी! मग मुली म्हणतात, शंभर स्वार कशाला, पन्नास पुरेत. मग पंचवीस. मग, एक तरी कशाला?

त्या महिन्यात आण्णा आमच्याकडं होते. रात्री अंगणात बाजेवर बसले होते, मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, नावं न घेता, एक राजा होता म्हणून. वादळातली रात्र सांगितली, धाकट्या मुलीचं मरण सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मला वाटलं आता मुलींना शिव्या घालतील. ते म्हणाले, “त्या राजानं सोताच्या नावावर कायच ठिवलं न्हवतं व्हय?”

मी म्हटलं, नाही आण्णा, फक्त शंभर माणसं.

“माणसं काय करायची,” ते म्हणाले. “मी दोन एकर ठिवलंय. कॅनॉलकडचं. तुझा बाप तवा रुसला हुता माझ्यावर.”

वडील आत जेवत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण आतला ताटाचा आवाज थोडा वेळ थांबला. मग आईनं आण्णांना विचारलं, ताक घेणार का.