पडक्या भिंती आणि राखलेल्या पोथ्या

आमच्या वऱ्हाडांत जुन्या वास्तूंचा तोटा नाहीं. चांदूर बाजाराहून पूर्वेस रिद्धपूर, पश्चिमेस अचलपूर आणि अचलपुरापलीकडे सातपुड्याच्या माथ्यावर गाविलगड, हीं तिन्ही स्थळें एका दिवसाच्या वाटेवर आहेत. बाजारहाटास, सोयरिकीस अगर उन्हाळ्यांत चिखलदऱ्याची हवा खाण्यास जातांना आपण त्यांच्या जवळून जातों. पडका बुरूज दिसला म्हणजे "मोंगलाईंतला असेल" एवढें म्हणतों आणि पुढें निघतों. ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याचा रिवाज आहे. तो पाळावयाचा तर केवळ आपल्या अंगणाकडे न पाहतां या शेजारच्या भग्नावशेषांकडेहि पाहावें आणि त्यांस एक प्रश्न विचारावा, असें आम्हांस वाटतें. सारख्याच आपत्ति सोसलेल्या दोन स्थळांपैकीं एक मुकें होतें आणि दुसरें शेंकडों वर्षांनंतरहि बोलतें, तें कशामुळें?

प्रथम दूरचें उदाहरण घेऊं. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा डोंगराळ देश आहे. तेथील नद्यांच्या काठीं, मेंढरें चरतात अशा कुरणांत, जुन्या ख्रिस्ती मठांचे सांगाडे उभे आहेत. वाय नदीच्या काठचा टिंटर्न येथील मठ ११३१ सालीं सिस्टर्शियन व्रतस्थांसाठीं स्थापन झाला. हे संन्यासी पांढरा झगा घालीत, ठरलेल्या वेळीं एकत्र प्रार्थना करीत आणि शेतीचे व मेंढपाळीचे कष्ट हेंहि आपल्या व्रताचेंच अंग मानीत. त्यांच्या नव्या मंदिराचें काम १२६९ सालीं सुरू झालें व १३०१ मध्यें त्याचा अभिषेक झाला. आज त्याच्या उंच भिंती, कमानी आणि पश्चिमेकडील भव्य खिडकीची दगडी जाळी उभी आहे. छप्पर मात्र नाहीं, आणि जेथें फरशी होती तेथें गवत आहे.

हें छप्पर वादळानें उडालें नाहीं. आठव्या हेन्री राजाच्या राजवटींत, १५३६ सालीं, असा कायदा झाला कीं, ज्या मठाचें वार्षिक उत्पन्न दोनशें पौंडांच्या आंत आहे तो बंद करावा. टिंटर्नचें उत्पन्न त्या मर्यादेच्या किंचित् खालीं भरलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला. पुढें छपरावरील शिशाचे पत्रे काढून नेण्यांत आले आणि उरलेलें काम पावसानें केलें. १५४० पर्यंत इंग्लंड व वेल्स या दोन्ही देशांत एकहि मठ चालू राहिला नाहीं.

त्याच वेल्समध्यें स्ट्राटा फ्लोरिडा म्हणून दुसरा मठ होता. त्याची स्थापना ११६४ ची. त्याचें आज पश्चिमेचें एक कोरीव महाद्वार व जमिनीलगतचे पाये एवढेंच मुख्यतः दिसतें. टिंटर्नच्या मानानें तें कांहींच नव्हे. परंतु वेल्सच्या राजपुरुषांची जी बखर त्या लोकांच्या मध्ययुगीन इतिहासाचा मोठा आधार आहे, तिचें मूळ संकलन याच मठांत झालें असावें, असें विद्वान मानतात. मूळ लॅटिन पोथी नष्ट झाली. तिचीं वेल्श भाषेंतील रूपांतरें निरनिराळ्या ठिकाणीं उतरून ठेवलेलीं होतीं, म्हणून वांचलीं. जो मठ जवळजवळ जमीनदोस्त झाला, त्याचेंच बोलणें त्या देशानें अधिक ऐकिलें.

आतां घरीं परत येऊं. टिंटर्नच्या मंदिराच्या भिंती ज्या काळांत वर चढत होत्या त्याच काळांत, देवगिरीस यादव राज्य करीत असतां, आपल्या शेजारच्या रिद्धपुरांत श्रीगोविंदप्रभु राहत होते. गुंडम राऊळ या नांवानेंहि ते ओळखले जातात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांचे ते गुरु. श्रीचक्रधरांनीं उत्तरापंथें प्रयाण केल्यावर नागदेवाचार्य व इतर शिष्यमंडळी रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेंत राहिली. त्या मंडळींत म्हाइंभट होते, महदाइसा होत्या. गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्तानें महदाइसांनीं रचिलेले धवळे हें मराठींतील स्त्रीचें पहिलें ज्ञात काव्य समजलें जातें.

म्हाइंभटांनीं जें कार्य केलें त्याकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. गुरु दृष्टीआड झाले होते. त्यांस प्रत्यक्ष पाहिलेलीं व ऐकिलेलीं माणसें गांवोगांव विखुरलीं होतीं आणि वयानें थकत चाललीं होतीं. म्हाइंभटांनीं नागदेवाचार्यांजवळ बसून आठवणी ऐकिल्या, इतर शिष्यांस गांठलें, ज्यानें जें पाहिलें तें त्याच्या तोंडून काढून घेतलें आणि लिहिलें. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येणेंप्रमाणें सिद्ध झालेला ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानितात, आणि तो रिद्धपूरच्या मातीशीं बांधलेला आहे.

पंथाची परंपरा सांगते कीं, चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजांच्या धामधुमींत या ग्रंथाची मूळ पोथी हरवली. तेव्हां ज्यांच्या मुखांत ती होती त्यांच्याकडून ती पुन्हा जुळविली गेली. त्यांत हिराइसा नांवाच्या साध्वीच्या स्मरणशक्तीची ख्याति आहे; तिच्या पाठास पंथांत तिच्याच नांवानें ओळखतात. दोघांच्या आठवणींत भेद आढळला तर एकास खोटें न ठरवितां दोन्ही पाठ नमूद करण्याची चाल या मंडळींनीं पाळिली. पुढें पंथीयांनीं आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरिल्या. त्यांचा उलगडा होऊन हें भांडार विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्वांस खुलें झालें.

याच परंपरेंत स्थानपोथी नांवाचा एक ग्रंथ आहे. श्रीचक्रधर व गोविंदप्रभु कोठें बसले, कोठें निजले, कोणत्या देवळाचें दार कोणत्या दिशेस होतें, तेथून दुसरें स्थान किती जवळ, हें तींत बारकाईनें सांगितलें आहे. त्या स्थानांवर ओटे बांधून त्यांस आजहि वंदन केलें जातें. यादवकालीन देवळांपैकीं कित्येक पडलीं, कित्येक पुन्हा बांधलीं गेलीं. तथापि कोणते देऊळ कोठें होतें हें शोधावयाचें तर संशोधक आजहि ही पोथी उघडतात. महाराष्ट्र शासनानें मराठी भाषा विद्यापीठासाठीं हेंच गांव निवडिलें आणि २०२४ सालीं त्याचे पहिले कुलगुरु नेमले गेले, यांत नवल तें काय?

आतां अचलपूरकडे वळूं. वऱ्हाडच्या इमादशाहीची, म्हणजे १४९० पासून १५७४ पर्यंतच्या राज्याची, ही राजधानी. गांवाबाहेर तळ्याच्या मध्यभागीं असलेला हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा जुन्या वैभवाची साक्ष देतो. तेथून घाट चढला म्हणजे गाविलगड. हा गड १४२५ सालीं बहामनी सुलतान अहमदशहा यानें बांधिला असें फेरिस्ता लिहितो. परंतु त्याचें नांव त्याहून जुन्या गवळ्यांच्या वस्तीवरून पडलें असें मानितात. त्याच्या दिल्ली दरवाजावरील कोरीव पशुपक्षी पाहिले म्हणजे कारागिराचा हात किती सधा होता तें कळतें.

या गडाचें भवितव्य मात्र ठरलें तें दूर वसईस. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं वसईचा तह केला. शिंदे व नागपूरकर भोसले यांस तो मान्य नव्हता. त्यांतून युद्ध पेटलें आणि तें वऱ्हाडांत येऊन संपलें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई झाली. मग कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनें डोंगरांतून वाट काढीत तोफा गाविलगडाच्या उत्तर बाजूस ओढून नेल्या. १५ डिसेंबरास जनरल वेलस्लीच्या सैन्यानें गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांव येथें भोसल्यांचा तह झाला. पुढें १८५८ सालीं, तात्या टोप्यांच्या हालचालींच्या धास्तीनें, इंग्रजांनीं गडाची तटबंदी निकामी केली. म्हणजे टिंटर्नप्रमाणें गाविलगडहि केवळ काळानें पडला नाहीं, हुकुमानेंहि पाडला गेला.

परंतु गाविलगड रिद्धपुरासारखा बोलत नाहीं. त्याच्या पडावाची हकीकत आपणांस मुख्यत्वें जिंकणाऱ्यांच्या पत्रांतून कळते. गडावर पाणी भरणारे, तोफखान्याचे बैल हांकणारे, डोंगरांतील कोरकू, वेढ्याच्या रात्रीं मुलांस उराशीं धरून बसलेल्या बायका, यांची हकीकत त्यांच्याच तोंडून कोणी लिहून घेतली नाहीं. तट आहे, तलाव आहे, मशीद आहे; परंतु तेथें जगलेल्या माणसाचा शब्द नाहीं.

ज्या वसईस हा तह झाला ती आम्हां ख्रिस्ती लोकांस निराळ्या नात्यानें जवळची आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून ती पोर्तुगीजांकडे आली. किल्ल्याच्या आंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व येशूसंघी या व्रतस्थांचे मठ आणि मंदिरें उभीं राहिलीं. संत योसेफाच्या मंदिराच्या दर्शनी भागावर १६०१ सालचा शिलालेख आहे. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराच्या जमिनींत नांवें कोरलेल्या समाधिशिळा आहेत. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, आणि हीं मंदिरें हळूहळू छपरांवांचून उघडीं पडलीं. वेल्समधील मठांचें चित्र मराठी मुलुखांत पाहावयाचें असेल तर तें येथें पाहावें.

परंतु भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें गेलीं नाहींत. त्यांनीं आपली बोली, आपला पेहराव व आपली श्रद्धा राखिली. वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें हुतात्मा झाले आणि १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें; त्यांचें नांव या गांवांतून अद्याप घेतलें जातें. १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

आणखी एक उदाहरण देऊन हा विषय आटोपतों. टिंटर्नचा मठ बंद झाल्यावर तेरा वर्षांनीं, १५४९ सालीं, इंग्लंडांत थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. ज्या देशांत मठांच्या भिंती नुकत्याच उघड्या पडल्या होत्या त्या देशांतून हे येशूसंघी १५७९ मध्यें गोव्यास आले आणि येथील मराठी शिकून त्यांनीं दहा हजारांहून अधिक ओव्यांचें क्रिस्तपुराण रचिलें. १६१६ सालीं तें राचोल येथें छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. शिवाय १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें देशी भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढिला. तरीहि ग्रंथ नाहींसा झाला नाहीं. भाविकांनीं तो हातानें उतरून ठेविला, घरांतून वाचिला, गाइला; आणि अशा हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हा मुद्रित झाला.

वरील सर्व गोष्टी जुळवून पाहिल्या म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. छप्पर सर्वत्र गेलें. कोठें राजाज्ञेनें, कोठें युद्धानें. ज्या ठिकाणीं कोणी वेळेवर विचारलें, लिहिलें आणि एकाहून अधिक घरीं ठेविलें, त्या ठिकाणचीं माणसें आपणांस आजहि भेटतात.

हें सांगण्याचें कारण उघड आहे. ज्युबिलीच्या निमित्तानें इमारतीस रंग लागतो, नवी फरशी बसते, आणि तें योग्यच आहे. पण आपल्या भागांतील ख्रिस्ती जनतेचा इतिहास तेवढ्यानें राखला जात नाहीं. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. हीं सालें दप्तरांत मिळतील. स्नानसंस्काराच्या नोंदवहींत नांव व तारीख मिळेल. परंतु अमुक कुटुंब या बाजूस कोठून आलें, दुष्काळांत आलें कीं नोकरीनिमित्त आलें, पहिली प्रार्थना कोणाच्या ओसरीवर झाली, पाहुण्या धर्मगुरूंसाठीं भाकरी कोणी भाजल्या, गीतें कोणी शिकविलीं, हें वहींत नाहीं. तें कांहीं थोड्या वृद्धांच्या मुखांत आहे, आणि त्यांची संख्या दरवर्षीं घटत आहे.

करितां आमची आपल्या तरुण मंडळींस विनंति आहे कीं, त्यांनीं म्हाइंभटांचा धडा गिरवावा. वृद्धांजवळ बसावें, जो सांगेल त्याच्या नांवानिशीं लिहावें. दोघांचें सांगणें जुळलें नाहीं तर दोन्ही ठेवावीं. स्थानपोथीप्रमाणें जागा, दिशा व अंतर नमूद करावें. आणि लिहिलेल्या वहीच्या निदान तीन प्रती करून त्या तीन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. वृद्धांनींहि "आमचें काय सांगण्यासारखें आहे" असें म्हणून पोरांस परत पाठवूं नये.

येत्या हिवाळ्यांत सवड काढून रिद्धपूर व गाविलगड हीं दोन्ही स्थळें एकामागून एक पाहावीं, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीति येईल. जातांना तेथील दगड हलवूं नये, भिंतीवर आपलें नांव कोरूं नये. रिद्धपुरीं यात्रेकरूंच्या रीतीचा मान राखावा. वही मात्र न विसरतां बरोबर न्यावी.